सूचीत नसलेली शीळ

"पण गुरुजी, दोन्हींतलं वाचायचं कोणतं?"

"आधी बस," गुरुजी म्हणाले. "उभ्या माणसाला उत्तर दिलं की तो ते घेऊन लगेच चालू लागतो."

अवीगेल बसली. ओटीवर खुर्ची होती, पण गुरुजीच खाली पाटावर बसलेले पाहून तीही खाली बसली. पिशवीतली दोन जाड पुस्तकं काढून तिनं मांडीवर घेतली.

गुरुजींच्या पुढ्यात परात होती. परातीत कोमट पाणी आणि पाण्यात मोड आलेले वाल. एकेक वाल ते उचलत, चिमटीत दाबत. साल एका बाजूला, सोललेला वाल पातेल्यात.

बिन्यामीन गुरुजी आमच्या खाडीकाठच्या गावातल्या बेने इस्राएल ज्यू मंडळींचे हझान. म्हणजे सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणारे. पण त्यांना सगळं गावच गुरुजी म्हणतं, कारण निम्म्या गावाला मराठी-इंग्रजी त्यांनी शिकवलं आणि उरलेल्या निम्म्याला शिकवायचा प्रयत्न केला.

अवीगेल पेझारकर पहिल्या निम्म्यातली. आता ती पुण्याच्या एका कॉलेजात इतिहास शिकवते. प्राध्यापक माणूस प्रश्न घेऊन आला की उत्तरही पिशवीत घालूनच येतो, आणि तीही तशीच आली होती.

दुसऱ्या दिवशी बिरड्याचा सण होता. सण हे नुसतं नाव. जेरुसलेमचं मंदिर पाडलं गेलं त्याच्या दुःखाचा हा दिवस. आदल्या संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत जमिनीवर बसायचं, केळीच्या पानावर बिरडं-भात खायचा आणि उपास धरायचा. मग सिनेगॉगमध्ये जायचं. तिथंही खालीच बसायचं, दिवे मंद करायचे आणि विलापगीत ऐकायचं.

त्यापुढची रीत मात्र गुरुजींनी पाडलेली. विलापगीत संपलं की नाझींच्या छळछावण्यांबद्दलचं एखादं पुस्तक घ्यायचं आणि त्यातलं थोडं वाचायचं. पुस्तक इंग्रजी, पण ते समोर धरून सांगायचं मराठीत. दर वर्षी गुरुजीच सांगायचे. यंदा त्यांनी अवीगेलला निरोप धाडला, "यंदा तू वाच."

का, ते सांगितलं नव्हतं. तिनंही विचारलं नव्हतं. आपल्याला बोलावलं याचं तिला फारसं नवल वाटलं नसावं.

"एक आठवणींचं आहे," ती म्हणाली. "छावणीतून जिवंत परतलेल्या एका बाईनं म्हातारपणी लिहिलेलं. ती कपडे शिवायची. दुसरं चरित्र आहे. त्याच छावणीतून सुटलेल्या एका डॉक्टरचं. ते एका अभ्यासकानं अर्धं आयुष्य घालवून लिहिलंय."

"बरं."

"मला चरित्र वाचायचंय."

"मग वाच."

अवीगेल गडबडली. तिनं वादाची तयारी केली होती, आणि केलेली तयारी वाया घालवणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"का, ते नाही विचारणार?"

"तू सांगणारच आहेस. सोलता सोलता सांग."

तिनं बाह्या सारल्या आणि परातीत हात घातला. पहिलाच वाल चिमटीतून सटकून पायरीवर जाऊन पडला. गुरुजींनी तिकडे पाहिलं नाही.

"आठवणी चुकतात, गुरुजी. ही बाई लिहिते, आम्हाला छावणीत आणलं त्या दिवशी बर्फ पडत होतं. डॉक्टरलाही त्याच दिवशी आणलं होतं, म्हणून या चरित्रकारानं हवामानाच्या जुन्या नोंदी काढून पाहिल्या. त्या दिवशी तिथं बर्फ नव्हतं. चक्क ऊन होतं."

गुरुजींनी सोललेला वाल पातेल्यात टाकला.

"मग तिला थंडी कशाची वाजली?"

...

पाऊस थांबला होता. माडांच्या झावळ्यांवरून राहिलेलं पाणी ठिबकत होतं.

"असं बोलून वाद जिंकता येतो," अवीगेल म्हणाली. "इतिहास लिहिता येत नाही."

"नाही येत," गुरुजींनी कबूल केलं.

"एक तारीख चुकली की 'हे घडलंच नाही' म्हणणारे तेवढीच धरून बसतात. मी असे लोक पाहिलेत. माझ्या वर्गात बसलेले असतात ते. चरित्राला अशी फट नसते. प्रत्येक वाक्याखाली आधार असतो."

"खरं आहे."

"मग तुमचं म्हणणं काय? आठवणी वाचू?"

"मी कुठं तसं म्हणालो?"

"मग?"

"तू सांगितलंस ते कॉलेजातलं कारण झालं," गुरुजी म्हणाले. "आता घरचं सांग."

अवीगेलचे हात पाण्यात थांबले.

"चरित्र वाचताना मला रडू येत नाही," ती म्हणाली.

"आणि आठवणी वाचताना?"

"तिथं पहिल्याच ओळीत 'मी' येतं. ती बाई 'मी' म्हणते, आणि मला वाटतं... आईनं आयुष्यात एकदा तरी असं म्हणायला हवं होतं. माझ्यासमोर. चार वाक्यं का होईना."

...

अवीगेलची आई ग्रेटाबाई. गेल्या थंडीत ती गेली. ती मूळची व्हिएन्नाची. नाझींनी ते शहर घेतलं तेव्हा तिचे वडील, ते डॉक्टर होते, कसेबसे मुंबईला पोचले आणि मागून त्यांनी बायकोला आणि दोन्ही मुलींना बोलावून घेतलं. धाकटी ग्रेटा आईबरोबर बोटीत चढली. थोरली इल्झा तापानं फणफणली होती. आजी म्हणाली, हिला पुढच्या बोटीनं पाठवते.

पुढच्या बोटीत इल्झा नव्हती. मग लढाई सुरू झाली आणि बोटीच थांबल्या.

ग्रेटा मुंबईत वाढली, मराठी शिकली, पेझारकरांच्या मुलाशी लग्न करून या गावात आली. गोरीपान सून पाहायला तेव्हा अख्खं गाव लोटलं होतं म्हणतात. पुढं ती इतकी इथली झाली की कोळणीशी हुज्जत घालताना तिचा आवाज बंदरापासून ऐकू यायचा, आणि तिच्या हातच्या बिरड्याला नाव ठेवायची कुणाची छाती नव्हती. सगळ्या विषयांवर बोलायची. फक्त त्या पुढच्या बोटीबद्दल नाही.

"माझ्याशी ती मसाल्याबद्दल बोलली," अवीगेल म्हणाली. "माझ्या मार्कांबद्दल, माझ्या केसांबद्दल. शिळा बांगडा गळ्यात मारला म्हणून तासतासभर बोलली. पण तिकडचं काही विचारलं की म्हणायची, झालं ते झालं, तू जेव. म्हणून मी एवढं वाचलं, गुरुजी. घरात कपाटं पुरत नाहीत. माणसं म्हणतात, अभ्यास करते. कसला अभ्यास... मी तिला ऐकायला जात होते दुसऱ्यांच्या पुस्तकांत."

गुरुजी ऐकत होते. त्यांची बोटं चालूच होती.

"आणि ती तुमच्याकडे यायची," अवीगेल म्हणाली. "शब्बाथ सुटला, आभाळात तारे दिसले की आई पदर सावरायची आणि इकडे निघायची. दर शनिवारी. मी लहान असल्यापासून. मला कधी बरोबर नेलं नाही तिनं."

"हो."

"काय बोलायची ती तुमच्याशी?"

हा प्रश्न तिनं पिशवीतून आणला नव्हता. तो कितीतरी वर्षं विचारायचा राहिला होता, आणि बाहेर आला तेव्हा तिचा आवाज प्राध्यापकाचा राहिला नाही.

गुरुजींचे हात पहिल्यांदाच थांबले.

"बोलायची नाही," ते म्हणाले. "विचारायची."

"काय?"

"सापडली का?"

...

"इल्झामावशी?"

"इल्झा."

अवीगेल ताठ झाली. "पण मी शोधून काढलं होतं! व्हिएन्नाला गेले, महिनाभर दप्तरं चाळली. नाव, जन्मसाल, कुठल्या दिवशी गाडीत घातलं, कुठं नेलं. त्या गाडीतलं कुणीही... मी तो कागद आईच्या हातात दिला. मला वाटलं होतं, आता तरी ती बोलेल. ती 'बरं' म्हणाली आणि वाल सोलायला बसली. मला इतका राग आला होता, गुरुजी. दोन दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही."

"ठाऊक आहे. त्याच शनिवारी ती आली होती."

"काय म्हणाली?"

"सापडली का, म्हणाली."

"कागद मिळाल्यावरसुद्धा?"

"कागद मिळाल्यावरसुद्धा."

"म्हणजे तिनं तो मानलाच नाही."

"मानला," गुरुजी म्हणाले. "त्या वर्षापासून ती इल्झाच्या नावानं दिवा लावायला लागली. तू दिलेल्या तारखेला. तुझ्या कागदामुळं तिला दिवस मिळाला. त्याआधी तिला लावायला दिवसच नव्हता."

अवीगेलला तो दिवा आठवला. स्वयंपाकघरातल्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी काचेच्या पेल्यातला दिवा. कुणाचा, असं तिनं एकदा विचारलं होतं. आई म्हणाली होती, लावते आपली.

"मग शोधत काय होती ती?"

गुरुजींनी बोटांना चिकटलेलं साल पुसलं.

"तुझ्या त्या कागदावर शीळ होती का?"

"काय?"

"शीळ. इल्झा शीळ घालायची. मुलीच्या जातीनं शीळ घालायची नाही म्हणून आजी रागवायची, तरी घालायची. तुझ्या आईला बहिणीचा चेहरा आठवेनासा झाला होता. फोटोही नव्हता. शीळ तेवढी आठवत होती."

...

"लग्न होऊन आली त्याच्या पुढच्या पावसाळ्यात ती इथं येऊन बसली. तू बसलीस तिथंच. म्हणाली, गुरुजी, तुम्ही इंग्रजी वाचता. तिकडून परत आलेली माणसं आता लिहायला लागलीत. कुणीतरी लिहील की छावणीत शेजारच्या फळीवर एक मुलगी होती, ती शीळ घालायची. नाव नसेल आलं तरी चालेल. तेवढं वाचनात आलं की मला सांगा."

"ती स्वतः का नाही वाचायची?"

"पहिल्याच पुस्तकात आगगाडी आली. तिनं ते मिटलं ते मिटलंच."

अवीगेल परातीकडे पाहत राहिली. पाणी गार झालं होतं.

"म्हणून तुम्ही वाचायला लागलात."

"म्हणून लागलो."

"काय वाचलंत? आठवणी की..."

सवय अशी सुटत नाही. डोळे भरून आलेले असतानाही तिला ते विचारल्याशिवाय राहवलं नाही. गुरुजी किंचित हसले.

"दोन्ही. जे मिळेल ते. मुंबईहून कुणी यायचं असलं की मी पुस्तकं मागवायचो. गावाला वाटायचं, म्हाताऱ्याला दुःखाचं वेड लागलंय."

"आणि जास्त कशात..."

"आठवणी लिहिणारी बाई परत आलेली असते, अवी. आणि ज्याचं चरित्र लिहितात तो कुणीतरी झालेला असतो."

...

"इल्झा दहा वर्षांची होती," गुरुजी म्हणाले.

आत शेगडीवर दूध उतू गेल्याचा वास आला. दोघांपैकी कुणीच उठलं नाही.

मग अवीगेलनं विचारलं. आईनं विचारलं असेल तसंच तिच्या तोंडून आलं.

"सापडली का?"

"नाही."

"एकदाही नाही?"

"एकानं लिहिलं होतं, एक मुलगा शीळ घालायचा. मुलगा होता. मी तरी ते पान तीनदा वाचलं."

"आईला सांगितलंत?"

"नाही. ती आशेला लागली असती."

"मग दर शनिवारी तिला काय सांगायचात?"

"अजून वाचतोय."

"आणि ती?"

"बरं म्हणायची. थोडा वेळ बसायची, घरी जायची."

घरी. अवीगेलला ते घर दिसलं, शनिवारची संध्याकाळ दिसली, चपला काढून थेट मागच्या दारात जाऊन उभी राहिलेली आई दिसली. आणि आजवर जे कुणालाही सांगावंसं वाटलं नव्हतं, सांगण्यासारखंही वाटलं नव्हतं, ते ती सांगायला लागली.

"तुमच्याकडून आली की ती मागच्या दारात उभी राहायची, गुरुजी. ओठांचा चंबू करायची. असा. मी तिथंच अभ्यासाला बसलेली असायचे. मला वाटायचं, फुंकर घालतेय."

"कशावर?"

अवीगेलनं तोंड उघडलं. चहा नव्हता आईच्या हातात. चूलही नव्हती पेटलेली.

"कशावर नाही," ती म्हणाली.

...

मग ती रडली. प्राध्यापक रडतात तशी, म्हणजे आधी थोडा वेळ आपण रडत नाही असं दाखवत, आणि नंतर परातीवर वाकून, अगदी पोटातून. गुरुजींनी तिला थांबवलं नाही. ते वाल सोलत राहिले.

"मी तिथंच होते," ती म्हणाली. "दोन हातांवर. मी मान वर करून विचारलं असतं तर..."

"तू शाळेचा अभ्यास करत होतीस."

"तिला आवाज काढता येत नव्हता का?"

"ते मी तिला विचारलं नाही."

पदर नव्हता म्हणून तिनं कोपरानं तोंड पुसलं. मांडीवरची पुस्तकं ओली झाली होती. ती तिनं बाजूला ठेवली.

"या आठवणींच्या पुस्तकात आहे का कुणी?" गुरुजींनी विचारलं.

"कुणी म्हणजे?"

"शीळ घालणारी."

अवीगेलनं ते पुस्तक तीनदा वाचलं होतं. त्यावर निबंध लिहिला होता, दिल्लीला जाऊन भाषण दिलं होतं. बर्फ कुठल्या पानावर आहे हे ती झोपेतही सांगू शकली असती.

"मी... तसं पाहिलं नाही," ती म्हणाली.

"आणि त्या दुसऱ्यात?"

तिनं चरित्र उचललं आणि हात आपसूक शेवटच्या पानांकडे गेले. तिथं सूची होती. माणसांची नावं, गावांची नावं, छावण्या, कायदे, आजार. ती बोट फिरवत खाली गेली. मग वर आली आणि पुन्हा खाली गेली. सूचीत शीळ नव्हती.

"तुम्हीच पाहा ना," ती म्हणाली, आणि आठवणींचं पुस्तक तिनं त्यांच्या हातात दिलं. "तुमच्या नजरेतून सुटायचं नाही."

गुरुजींनी हात सदऱ्याला पुसले. पुस्तक दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं, उघडलं. पानावरून तळवा फिरवला. मग नीट धरून डोळ्यांसमोर आणलं.

अवीगेल पाहत राहिली.

"गुरुजी... पुस्तक उलटं आहे."

"असेल," गुरुजी म्हणाले.

...

तेव्हा तिला आल्यापासून डोळ्यांसमोर असलेल्या गोष्टी दिसल्या. फळीवरच्या चष्म्यावर धूळ होती. पायरीवर पडलेला वाल अजून तिथंच होता. आणि सोलताना त्यांनी एकदाही परातीत पाहिलं नव्हतं.

"कधीपासून?"

"अक्षरं आधी गेली. माणसं अजून थोडी दिसतात. तू हिरवं काहीतरी घातलंयस."

"निळं," ती म्हणाली. मग, "आई होती तेव्हापासून?"

गुरुजींनी पुस्तक मिटून तिच्याकडे दिलं आणि परातीतला पुढचा वाल शोधला.

"म्हणजे शेवटी शेवटी आई विचारायची तेव्हा तुम्हाला..."

"अजून वाचतोय, असंच सांगायचो."

"खोटं."

"खोटं कसं? जे वाचलं होतं ते डोळे मिटून पुन्हा वाचत होतो. घाईत एखादी निसटली असेल तर."

...

अवीगेलनं परात आपल्याकडे ओढली. राहिलेले वाल दोघांनी मिळून सोलले. तिच्या चिमटीतून आता फारसे सटकत नव्हते. सोलताना ती आईसारखी अंगठ्यानं दाबत होती आणि तिला ते ठाऊक नव्हतं.

उन्हं उतरली तेव्हा बिरडं झालं. आमची वस्ती आता बोटांवर मोजण्याइतकी. बाकीचे इस्राएलला गेले आणि तिथून येणाऱ्याजाणाऱ्यांबरोबर इथले कडवे वाल मागवतात. जे राहिलेत ते गुरुजींच्या पडवीत पंगतीला बसले. एका म्हातारीनं घास घेतला आणि म्हणाली, "गो, ग्रेटाबायसारखा झायला." अवीगेलनं मान खाली घातली आणि पानातलं सगळं संपवलं.

सिनेगॉगच्या दाराशी गुरुजींनी चौकटीवरच्या मेझुझाला, प्रार्थनेच्या त्या छोट्या डबीला, बोटं लावून ओठांशी नेली. अवीगेलनं त्यांचा दुसरा हात धरला होता.

"कोणतं आणलंस?" त्यांनी विचारलं.

"दोन्ही."

त्यांनी मान हलवली.

आत धर्मग्रंथाच्या कपाटावरचा पडदा उतरवला होता. सगळे लादीवर बसले. गुरुजींनी विलापगीत म्हटलं, अक्षर न पाहता, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ते पाठ असण्याचं आम्हाला कधी नवल वाटलं नव्हतं. त्या संध्याकाळी, अवीगेलनं त्यांना हाताला धरून आणलेलं पाहून, कारण कळलं.

मग त्यांनी हातानंच चाचपून अवीगेलला शेजारी बसवलं. बाई वाचणार म्हणून एकदोघांच्या भुवया वर गेल्या, पण ग्रेटाची मुलगी म्हटल्यावर त्या खाली आल्या. कुणीतरी मेणबत्ती सरकवून तिच्याजवळ ठेवली.

अवीगेलनं चरित्र गुडघ्याशी ठेवलं. त्याची पाळी दुसऱ्या दिवशी दुपारी. आठवणींचं पुस्तक तिनं मेणबत्तीपुढं धरलं.

"मी," तिनं पहिला शब्द मराठीत सांगितला.

आणि तिथंच थांबली. ग्रेटाबाई जिथं दर वर्षी भिंतीला टेकून बसायची ती जागा आम्ही कुणी न ठरवता रिकामी सोडली होती, आणि अवीगेलचं लक्ष तिकडेच गेलं असावं.

"मी..." तिनं पुन्हा सुरुवात केली. या वेळी ती थांबली नाही. एका दमात, वर्गात तास संपत आला की शिक्षक धडा पळवतात तशी ती निघाली. गाव आलं, घर आलं, आगगाडी आली आणि गेली. चुकलेलं ते बर्फ आलं. तिनं ते दुरुस्त केलं नाही. छावणी आली, फळ्यांवर दाटीवाटीनं झोपलेल्या मुली आल्या, एकीमागून एक, नावं असलेल्या आणि नसलेल्या.

गुरुजींचा हात पुढं आला. त्यांनी तो पानावर ठेवला.

"सावकाश वाच, अवी," ते म्हणाले. "ती शीळ अगदी हळू घालायची."